मेन स्विच पाडणारे सर

आमच्या जुन्या कंपनीतली माणसं कुठे लग्नाबिग्नात एकत्र आली, की पंगत उठायच्या आत सरांची गोष्ट निघतेच. परवाही निघाली. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, मठ्ठ्याचा दुसरा ग्लास हातात घेऊन एकजण सांगत होता, ‘‘आणि मग त्या येड्यानं काय करावं? भर डेमोत, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर मेन स्विच पाडला! सगळा डेटा गेला ना राव!’’ सगळे खो खो हसले. ज्यांनी सरांना कधी बघितलंसुद्धा नाही, अशी पोरंही हसली. मी म्हणाले, ‘‘डेटा मेन स्विच पाडल्यामुळे गेला नव्हता.’’ तर हा मलाच म्हणतो, ‘‘अगं, असू दे ना, गंमत चाललीय.’’

गंमत! एका माणसाच्या नावाला काळं फासलं, त्याला घरी बसवलं, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर मठ्ठा पिताय. म्हणून हे एकदाच सगळं लिहून टाकते आहे. कुणाला राग आला तर येऊ दे, मला तो केव्हाचाच आलेला आहे.

आमची कंपनी सातपूरला एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर होती. खाली लोखंड कापलं जायचं आणि वर आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. नाशिकमध्ये कंपनी म्हटलं की लोकांना यंत्रं आणि भोंगा एवढंच कळायचं. आम्ही नक्की काय करतो हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत समजलं नाही. सर आमच्यात सगळ्यात वडील, चाळिशीच्या पुढचे. मूळ गाव सटाण्याकडचं. आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे, तिथल्या प्राचार्यांशी भांडून बाहेर पडलेले. उंच, हडकुळे, डोक्याला चपचपीत तेल, आणि खिशात पेनाऐवजी टेस्टर. तो विजेचा टेस्टर बघून नवीन आलेल्यांना वाटायचं, वायरमन आलाय.

तसे ते गोड वगैरे अजिबात नव्हते. नमस्काराला नमस्कार नाही, वाढदिवसाचा केक कापला तर ‘‘हे कुणी आणलं, कामं नाहीत का?’’ कुणाचा प्रोग्रॅम बघून ‘छान’ म्हटल्याचं मला आठवत नाही. चुकलेलं दिसलं की मात्र तोंडातून थेट गावाकडची बागलाणी भाषा बाहेर पडायची, ‘‘हाई काय शे? हाई कोनी करं?’’ आणि ज्यानं केलं असेल तो खुर्चीत आणखी खाली सरकायचा. मीही सरकलेली आहे.

आणि मेन स्विच. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी पेटी होती, तिला खाली ओढायचा दांडा. सर चहा पिऊन येता येता, काही न बोलता, तो दांडा ओढायचे. अख्खी माडी अंधारात. पंखे थांबायचे, संगणकांचे पडदे काळे व्हायचे, आणि सगळीकडून एकच ओरडा उठायचा. सर मग शांतपणे दांडा वर करून टेबलाटेबलावरून फिरायचे. ‘‘काय काय गेलं? दाखवा.’’ ज्याचं काही गेलं नसेल त्याच्या टेबलाशी ते थांबायचे नाहीत. ज्याचं गेलं असेल, त्याच्याजवळ खुर्ची ओढून संध्याकाळपर्यंत बसायचे, पुन्हा जाणार नाही असं लिहून होईपर्यंत. ‘‘वीज येते तो योगायोग, जाते तो नियम,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खोटं काय होतं त्यात? तेव्हा भारनियमन असं होतं की लोक पाहुण्याला ‘या’ म्हणायच्या आधी ‘आमच्याकडे कधी जाते’ ते सांगायचे. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एकदा त्या पेटीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी भिंतीतल्या सगळ्या संगणकांच्या पिनाच उपटल्या. कुलूप निघालं.

यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर संगणक तगवणारा बॅटरीचा डबा, कुणाच्याच टेबलाखाली नव्हता, सरांनी तो ठेवूच दिला नाही. ‘‘त्यानं माणूस आळशी होतो,’’ म्हणायचे. आम्ही पाठीमागे त्यांना काय काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही. पण एक सांगते. आमच्या कंपनीनं ज्या ज्या ठिकाणी सॉफ्टवेअर बसवलं, तिथून ‘वीज गेली आणि माहिती गेली’ असा फोन कधी आला नाही. ही अब्रू कुणामुळे होती, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

तर एका बाजार समितीचं काम आलं. कांद्याच्या लिलावाचं. आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, एकेका ट्रॉलीपुढे व्यापारी जमतात, बोली चढत जाते, आणि पटापट पुढच्या ट्रॉलीकडे. समितीला ही चालू बोली एका मोठ्या फलकावर दाखवायची होती, म्हणजे मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही कळावं, आपला माल कितीवर गेला. आम्ही बसवलं, आणि फजिती झाली. बोली आठशेवर जायची तेव्हा फलकावर अजून साडेसातशे. एक व्यापारी म्हणाला, ‘‘तुमच्या फलकापेक्षा आमचा हमाल लवकर सांगतो.’’ सरांना तो शब्द झोंबला. ते बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि मेन स्विचही पाडला नाही, तेव्हाच आम्ही ओळखलं की काहीतरी शिजतंय.

अडचण काय होती, ते सरांनी मला सांगितलं तसंच सांगते. आम्ही जो डेटाबेस वापरायचो तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट, आणि त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा असा. त्यात माहिती टेबलांमध्ये राहते, म्हणजे ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांमध्ये. पण तेव्हा तो डेटाबेस प्रत्येक टेबल डिस्कवरच लिहीत असे. प्रत्येक बोली आली की लिही डिस्कवर, पुढची आली की पुन्हा लिही. ‘‘डिस्क म्हणजे माळ्यावरचा डबा,’’ सर म्हणाले. ‘‘फोडणीत मोहरी टाकायची तर दर वेळी शिडी लावून माळ्यावर चढतेस का? मोहरी ओट्यावर पाहिजे.’’ ओटा म्हणजे संगणकाची मेमरी. हाताशी, झटपट. पण वीज गेली की पुसली जाणारी.

या डेटाबेसला ओटाच नव्हता. मग सर तो बांधायला बसले. मेमरीतच राहणारं टेबल, डिस्कला हात न लावणारं. आणि कंपनीपुरतं जुगाड करून थांबतील तर ते सर कसले. त्यांनी तो कोड परदेशातल्या त्या मूळ मंडळींना पाठवला, की हे तुमच्या डेटाबेसमध्ये घाला, सगळ्यांना मिळू दे.

मग सुरू झाली पत्रापत्री. डायल-अपचा मोडेम किंचाळायचा, मेल उतरायचा, आणि सर तो वाचता वाचता भांडायला लागायचे, इथे, आमच्यासमोर, मराठीत. तिकडचा मुख्य माणूस बहुधा सज्जन असावा. त्यानं विचारलं, वीज जाऊन आल्यावर या टेबलाचं काय होईल? सरांनी लिहिलं, रकाने राहतील, ओळी जातील. आम्हाला सांगताना म्हणाले, ‘‘भांडी राहतात, भाजी जाते. त्यात विचारायचं काय?’’ त्यानं विचारलं, मेमरी भरत गेली तर? सर म्हणाले, टेबलाला मर्यादा घाला, भरलं की नवी ओळ नाकारा, पोट भरल्यावर ताट पुढं ढकलतात तसं. त्यानं विचारलं, तुमच्या कोडमध्ये ‘कांदा’ नावाचं जे आहे ते काय आहे? सरांनी उलट टपाली कळवलं, कांदा म्हणजे कांदा. शेवटी ते नाव बदलावं लागलं, आणि त्या दिवशी सर जेवले नाहीत.

पण खरं भांडण झालं एका सूचनेवरून. सरांचं म्हणणं, कुणीही असं मेमरीतलं टेबल बनवलं, की पडद्यावर ओळ आलीच पाहिजे: ‘या टेबलातल्या ओळी वीज गेल्यावर राहणार नाहीत. तुम्हाला सांगितलेलं आहे.’ तिकडच्यांना पहिलं वाक्य पटलं. दुसरं उद्धट वाटलं. सर महिनाभर त्या दुसऱ्या वाक्यासाठी लढले आणि हरले. आमच्या कंपनीच्या प्रतीत मात्र दोन्ही वाक्यं राहिली. मी एकदा विचारलं, ‘‘सर, एवढ्याशा ओळीसाठी एवढं काय?’’

‘‘बाई, वेग बघितला की माणसाला लोभ सुटतो,’’ ते म्हणाले. ‘‘चालू बोली मेमरीत ठेवली, ठीक. ती पाच मिनिटांत शिळी होते. उद्या कुणी सौदेच मेमरीत ठेवेल. सौदा म्हणजे कुणाचा माल कुणाला कितीला गेला, हे ठरलेलं. ते गेलं तर शेतकरी कुणाच्या तोंडाकडे बघेल?’’

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी तसंच केलं होतं. चालू बोलीचं टेबल मेमरीत. शेवटची बोली ठरली की सौद्याची ओळ डिस्कवरच्या टेबलात. फलक पळायला लागला. साहेबांनी पेढे वाटले, आणि समितीपुढे मोठा डेमो ठरवला. काम पसंत पडलं तर जिल्ह्यातल्या बाकी समित्याही रांगेत होत्या.

डेमो समितीच्या सभागृहात झाला. संचालक, व्यापारी, आवारातले शेतकरी, सगळे दाटीवाटीनं. लटका लिलाव लावला होता. खरे व्यापारी खोट्या ट्रॉल्यांवर बोली लावत होते आणि रंगात आले होते. फलक डोळ्यांसमोर पळत होता. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, ‘‘लय भारी हाय हे. आता पाठीमागं उभं ऱ्हायलं तरी दिसतंय.’’ मी आणि साहेबांचे मेव्हणे संगणकापाशी बसलो होतो. मेव्हणे म्हणजे आमचे मॅनेजर. त्यांना काय येत होतं ते विचारू नका, ते साहेबांचे मेव्हणे होते.

मग एका व्यापाऱ्यानं तो प्रश्न विचारला. ‘‘आन लाइट गेली तर?’’

सर कधी हसायचे नाहीत, ते हसले. आयुष्यभर या प्रश्नाची वाट बघितल्यासारखे उठले, दाराशी गेले, म्हणाले, ‘‘बघा,’’ आणि सभागृहाचा मेन स्विच पाडला.

अंधार. कुणीतरी शिट्टी मारली. सरांनी स्विच वर केला, संगणक सुरू झाला. ते वर्गात शिकवल्यासारखं बोलत होते. ‘‘चालू बोली गेली. ती जाणारच होती, ती परत लावता येते. आता सौदे बघा. एक ओळ कमी भरली तर मला विचारा.’’ मला म्हणाले, ‘‘उघड.’’

मी उघडलं. रकाने होते, खाली काहीच नव्हतं. सकाळपासूनचा एकही सौदा नव्हता.

मी पुन्हा उघडलं. सर येऊन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मागे आधी कुजबुज, मग हशा. ‘‘बरं झालं, खरे कांदे नव्हते!’’ कुणीतरी ओरडलं. आणि साहेब ताडकन उठून समितीच्या अध्यक्षांना म्हणाले, ‘‘माफ करा. आमच्या या माणसाला विक्षिप्त खोड आहे. चालू यंत्राचा स्विच पाडतात. कितीदा बजावलंय. यापुढे हे तुमच्या कामावर नसतील.’’

आमच्यावर बारीकसारीक चुकांसाठी ओरडणाऱ्या त्या माणसानं टेस्टर खिशात नीट बसवला आणि पायी एस.टी. स्टँडची वाट धरली. मी हाक मारली तर सर वळलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते डेमोचं मशीन उघडून बसले. शोधायला फारसं लागलं नाही. सौद्यांचं टेबल डेमोच्या आदल्या दिवशी मेमरीत हलवलेलं होतं. आणि ती सूचना, महिनाभर भांडून लिहिलेली ती दोन वाक्यं, कोडमधून खोडून टाकलेली होती. टेबल हलवलं, ते एक वेळ अडाणीपणा म्हणून सोडून देईन. पण सूचना का खोडली? म्हणजे ती वाचली होती. कळली होती. ‘तुम्हाला सांगितलेलं आहे’ हे वाचून, पाहुण्यांना दिसायला नको म्हणून ती पुसली.

मी मेव्हण्यांना विचारलं. त्यांनी लपवलंही नाही. ‘‘सौद्यांची यादी उघडायला वेळ लागत होता. साहेब म्हणाले, सगळंच पळालं पाहिजे. एक शब्द तर बदलायचा होता. आणि ती सूचना पाहुण्यांसमोर कशाला?’’

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘स्विच कुणी पाडला?’’

‘‘सरांनी. पण टेबल...’’

‘‘बस. लोकांनी स्विच पाडताना बघितलं. टेबल हलवताना कुणी बघितलं नाही. तुला इथं नोकरी करायची आहे की कोर्ट चालवायचंय?’’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही अशी. बरं, त्याच आठवड्यात साहेबांनी सौद्यांचं टेबल गुपचूप पुन्हा डिस्कवर नेलं. म्हणजे दोष कुठे होता ते समजलं होतं. सरांना मात्र निरोप गेला की यायची गरज नाही. त्यांचा डबा आणि चपला न्यायला त्यांचा शेजारी आला. आमच्यातल्या बाकी एकानंही त्याला ‘सर कसे आहेत’ विचारलं नाही, सगळे पडद्यात डोकं घालून बसले. मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘अंगणात बसून असतात.’’

रविवारी मी एस.टी.नं त्या समितीच्या गावी गेले. सचिव ओळखीचे झाले होते, डेमोला तेच पुढे होते. त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं, टेबल कुणी हलवलं, सूचना कुणी खोडली. मला वाटलं होतं, हा माणूस खुर्चीवरून उठेल, फोन फिरवेल, सरांना परत बोलवेल. काय वेडी होते मी.

‘‘ताई, ते आमाला त्याच दिवशी समजलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्या मॅनेजरनीच गाडीत बसताना सांगितलं, हसत हसत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? काम तर आमी तुमच्याच कंपनीला देनार हाये. फलक चांगला हाय.’’ त्यांनी बशीत चहा ओतला. ‘‘पन तुमचे ते सर नको. तुमी रागावू नका, आमच्या अध्यक्षांचंबी तेच म्हननं हाय. जो चुकतो त्याला सांभाळून घेता येतं. हा मानूस मुद्दाम बंद पाडून बघतो, कुनाचं काय उघडं पडतं ते. असा मानूस आवारात फिरायला लागला तर कुनालाच परवडनार नाय.’’

मी चहा तसाच ठेवून उठले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! साहेबांना माहीत, मेव्हण्यांना माहीत, सचिवांना, अध्यक्षांना माहीत. निरपराध आहे हे माहीत असूनच त्याला घालवला. माहीत नसतं तर एवढा संताप आला नसता.

तिथून सरळ सरांच्या घरी गेले. पंचवटीत, गल्लीच्या टोकाला, खाली पिठाची गिरणी असलेल्या चाळीत ते राहायचे. ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. त्यांनी ऐकलं. सौद्यांचं टेबल परत डिस्कवर गेलंय का, एवढंच आधी विचारलं. गेलंय म्हटल्यावर मान हलवली, आणि मग माझ्यावरच डाफरले.

‘‘तुला कुणी सांगितलं होतं जायला? माझी वकिली करायला मी बोलावलं होतं?’’

‘‘सर, तुमची चूक नव्हती.’’

‘‘माझीच होती. स्विच पाडायच्या आधी कुठलं टेबल कुठं आहे ते मी बघायचं होतं. मी बघितलं नाही. गृहीत धरलं. पोरांना मी हेच शिकवतो, गृहीत धरू नका. झालं ते झालं. मला काही वाटत नाही. तू घरी जा, आणि परत या विषयावर माझ्याशी बोलू नकोस.’’ आणि खरंच, आतून पेपर आणून त्यांनी तोंडापुढे धरला.

मला त्यांचाही राग आला. एवढं होऊन हा माणूस स्वतःच्याच नावावर पावती फाडतो! मी तडक गल्लीत आले. गिरणी बंद होती. मागून चपलांचा आवाज आला. वहिनी होत्या, सरांच्या पत्नी. पदराला हात पुसत घाईनं आल्या होत्या आणि दाराकडे बघत हळू बोलत होत्या.

‘‘त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तू समितीकडे गेलीस, फार बरं केलंस.’’

‘‘वहिनी, सर म्हणतात त्यांना काही वाटत नाही.’’

‘‘तुला तसं सांगतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रोज संध्याकाळी कंपनी सुटायच्या वेळेला स्वच्छ शर्ट घालून अंगणात बसतात. कुणीतरी येईल, म्हणतात. एवढी पोरं शिकवली, एखादा तरी येऊन विचारेल, सर, टेबल कुणी हलवलं. आज तू आलीस. तू गल्लीत दिसलीस तसे मला आत सांगून गेले, चहा ठेव, आमच्या ऑफिसातनं आलंय कुणीतरी.’’

चहाचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मी परत वळले आणि वहिनींच्या मागोमाग घरात गेले.